नळाचा पाईप कोणता घ्यावा?

मैत्रिणींनो, जल जीवन मिशनमधून आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या अंगणात नळ आला. तिथून टाकीत, आणि टाकीतून मोरी, न्हाणीघर, संडासात पाणी न्यायचा खर्च मात्र आपला आपणच करायचा. त्यासाठी गटातून कर्ज घेणाऱ्याही आहेत. टाइल्स आणि नळ आपण दुकानात जाऊन निवडतो. पाईप मात्र गवंडी आणतो. "ताई, तो भिंतीत जाणार, कुणाला दिसणार हाय?" नेमकं म्हणूनच तो आपण बघून घ्यायचा. नळ बिघडला तर तासाभरात बदलता येतो. भिंतीतला पाईप गळला तर टाइल्स फोडाव्या लागतात, आणि कर्जाचा हप्ता तर चालूच असतो.

पहिला प्रश्न स्वतःलाच विचारा : या पाईपमधून गरम पाणी जाणार आहे का? आज चुलीवर पाणी तापवत असाल, पण पुढे सोलर किंवा गिझर बसवायचा विचार असेल, तर न्हाणीघराच्या भिंतीत आत्ताच सीपीव्हीसी पाईप घाला. हा फिकट पिवळसर असतो आणि साधारण ९० अंशांपर्यंतचं पाणी सोसतो. पांढरा यूपीव्हीसी स्वस्त पडतो, पण तो फक्त गार पाण्याचा. ४५ अंशांच्या वर त्याचा भरवसा नाही, गरम पाण्याने मऊ पडून सांध्यात सुटतो. दोन्हींचं चिकटवायचं सोल्युशन वेगळं असतं. एकच डबा दोन्हीकडे वापरू देऊ नका.

सीपीव्हीसीवर एसडीआर ११ किंवा १३.५ असं छापलेलं असतं. आकडा लहान तितका पाईप जाड. टाकी स्लॅबवर असलेल्या एकमजली घराला १३.५ पुरतो, दुकानदाराने जाड घ्या म्हटलं तरी.

जुना लोखंडी, म्हणजे जीआय पाईप दणकट खरा. पण बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर आतून गंज आणि क्षाराचा थर चढतो, आणि काही वर्षांत धार करंगळीएवढी होते. तुमच्या पातेल्यात पांढरा थर बसत असेल तर भिंतीत जीआय नकोच.

अंगणातून टाकीपर्यंत जमिनीतून न्यायला काळा एचडीपीई बरा. तो वाकतो, सांधे कमी लागतात, उन्हालाही टिकतो. पांढरा आणि पिवळसर पाईप मात्र सतत उन्हात राहिला तर कडक होऊन तडकतो. गच्चीवरचा भाग उघडा असेल तर त्याला पाण्यात कालवायचा पांढरा रंग द्या, ऑइलपेंट नको.

आता पिण्याच्या पाण्याचं. पीव्हीसी टिकावा म्हणून त्यात पूर्वी शिसं घालत. शिसं पाण्यात उतरलं तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते घातक. यावर केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले. म्हणून शेतातला उरलेला पाईप घरात जोडू नका. त्यातून खत-औषधही गेलेलं असू शकतं. नवीन घेताना आयएसआयची खूण आणि आकडा वाचा : सीपीव्हीसीवर १५७७८, यूपीव्हीसीवर ४९८५, एचडीपीईवर ४९८४. पाईपवर काहीच छापलेलं नसेल तर तो परत करा. पक्कं बिल मागा. गटाच्या फाईललाही ते लागतं.

टाकीतून उतरणारी मुख्य लाईन एक इंची घ्या, नळापाशी अर्धा इंच पुरे. सगळीकडेच अर्धा इंच घातला तर मोरीत नळ सोडला की न्हाणीघरातली धार जाते.

प्लास्टर करायची घाई गवंड्याला असते, आपल्याला नको. सोल्युशन लावल्यावर एक दिवस जाऊ द्या. मग टाकी भरा, सगळे नळ बंद ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी प्रत्येक सांध्यावरून कोरडा हात फिरवा. हात ओला झाला तर तो सांधा कापून नवा बसवायला लावा, वरून सिमेंट लिंपून घेऊ नका. सगळं कोरडं निघालं की प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. उद्या आरसा लावायला खिळा ठोकताना पाईप कुठून गेलाय ते कळेल.