केळ्याला दोष देऊ नकोस

काल तू बोलत होतीस तेव्हा मागून बाळाचा खोकला ऐकू येत होता, आणि त्याच्यामागून तुझ्या सासूबाईंचा आवाज, "केळं चारलं असेल हिनं." तू तिथंच थांबलीस आणि मग "ठेवते ताई" म्हणालीस. तुझं ते गप्प होणं रात्रभर माझ्या मनातून गेलं नाही. म्हणून सकाळची कामं बाजूला सारून हे लिहायला बसले. फोनवर तुला मोकळं बोलता येत नाही, हे मला कळतं गं.

बाई, तेच वाक्य मी दोन हिवाळे ऐकलंय. माझा मोठा तेव्हा तीन वर्षांचा होता. दिवाळी सरली की त्याचा खोकला सुरू व्हायचा, तो होळीपर्यंत. कुणी म्हणायचं दही बंद कर, कुणी म्हणायचं डोक्यावरून न्हाऊ घालू नको, कुणी म्हणायचं हिच्या दुधातच जीव नव्हता. मी सगळं ऐकलं आणि सगळं केलं. दही गेलं, केळी गेली, पेरू गेले. खोकला गेला नाही. डॉक्टरांनी श्वासाचा पंप, म्हणजे इनहेलर, लिहून दिला, तेव्हा शेजारणी म्हणाल्या, पंपाची सवय लागते. मी तो कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला. मग एका रात्री लेकराचं पोट भात्यासारखं उडायला लागलं, ओठ निळसर दिसायला लागले, आणि आम्ही दवाखान्याकडे पळालो. सगळे माझ्या ताटात, माझ्या दुधात, माझ्या हातात दोष शोधत बसले होते. लेकरू कुठली हवा ओढतंय, हे दोन वर्षांत एकदाही कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही.

आपलं माहेर नवेगावबांधच्या बाजूचं, तलावावरून वारा येणारं. तू लग्न करून गोंदियात आलीस ती दोन राईस मिलच्या मधल्या गल्लीत. गोंदियाला धानाचं शहर म्हणतात, त्याचा मलाही अभिमान आहे. आपल्या बापानं बांधीत चिखल तुडवला म्हणूनच आपण शिकलो. पण धानाचा तांदूळ होताना काय काय उडतं, ते समजून घे. उसना तांदूळ करायचा तर धान वाफवावा लागतो. वाफेसाठी बॉयलर, आणि बॉयलरमध्ये जळतो धानाचाच भुसा. एका क्विंटल धानामागे साधारण २० किलो भुसा निघतो, आणि जळलेल्या भुशाची जवळपास पाचवा हिस्सा राख होते. ती राख बहुतेक सिलिकाची, म्हणजे वाळूच्याच जातीची. गच्चीवर वाळत घातलेल्या बाळाच्या दुपट्यांवर सकाळी जे काळे ठिपके दिसतात, ते हेच.

पण ठिपक्यांना जास्त घाबरू नकोस. दिसतात ते कण मोठे. बरेचसे नाकात आणि घशात अडकतात. घात करतात ते न दिसणारे. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, आणि हे कण अडीच मायक्रॉनहूनही बारीक. ते फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत पोचतात, त्यातले सर्वांत बारीक रक्तात उतरतात. म्हणून वाईट हवेनं दमा वाढतो तसाच हृदयविकाराचा झटका आणि लकवाही वाढतो. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं बाहेरच्या प्रदूषित हवेला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे.

आणि हे कण एकट्या मिलचे नाहीत. रस्त्याची धूळ आहे, ट्रक आहेत, कोपऱ्यावर पेटवलेला कचरा आहे, धान निघाल्यावर बांधीत जाळलेली तणीस आहे. तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, तिथं कोळसा जळतो. कोळशातून निघणाऱ्या वायूचे हवेतच बारीक कण बनतात आणि वाऱ्यावर दूर जातात.

हिवाळाच का, असं तू विचारशील. गोंदियाचा पारा विदर्भात सर्वांत खाली जातो, असं पेपरात कितीदा वाचतो आपण. अशा रात्री जमिनीजवळची हवा गार होऊन खालीच बसते आणि वर उबदार हवेचं झाकण पडतं. सकाळी बाहेर जाऊन बघ, शेकोटीचा धूर वर न जाता आडवा पसरलेला असतो. ऊन चढलं की झाकण उचललं जातं. म्हणून खिडक्या पहाटे उघडू नकोस, दुपारी १२ ते ४ मध्ये सताड उघड. बाळाला कोवळं ऊन द्यायचं म्हणून सकाळी सहाला शेकोटीपाशी नेऊन बसवू नका. नऊ-दहाचं ऊनही ऊनच असतं.

लेकरांना त्रास का जास्त, तेही सांगते. आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, दोन वर्षांचं बाळ २४ ते ४० घेतं. त्याची फुफ्फुसं अजून वाढताहेत, आणि त्याचं नाक जमिनीच्या धुळीजवळ असतं. तू पुन्हा दोन जिवांची आहेस, म्हणून आणखी एक ऐक: गरोदरपणी धूर सतत श्वासात गेला तर मूल कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी होण्याची शक्यता वाढते. गंगाबाई रुग्णालयात तपासणीला जाशील तेव्हा तुझ्या घरी चूल पेटते, हे तिथल्या बाईंना आपणहून सांग.

आता तुझ्या घरातलंच बोलायचं आहे. गॅस आहे, तरी अंघोळीचं पाणी अजून मागच्या चुलीवर तापतं ना? आपल्या आईनं जन्मात बिडीला हात लावला नाही, आणि शेवटची दहा वर्षं तिला ओट्यावरून अंगणात जातानाही दम लागायचा. लाकडं आणि गोवऱ्यांच्या धुरानं बायकांची छाती बिडी पिणाऱ्यासारखीच खराब होते. चूल लगेच सुटणार नसेल तर ती भिंतीपासून दूर, उघड्यावर घे आणि पेटलेली असताना बाळाला कडेवर घेऊन तिथं बसू नकोस.

डासांची कॉइल बंद कर. एक कॉइल पूर्ण जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडते, असं संशोधकांनी मोजलंय, आणि आपण ती दारं लावून बाळाच्या उशाशी लावतो. पण आपल्या जिल्ह्यात हिवताप आहे, तेव्हा डासांना मोकळं सोडायचं नाही. मच्छरदाणी लाव, तिच्यात काहीच जळत नाही. झाडताना आधी पाण्याचा हात मार, नाहीतर ओल्या फडक्यानं पुस. बाहेर जाताना तोंडाला ओढणी बांधतेस, तिनं धूळ अडते, बारीक कण अडत नाहीत. त्याला एन-९५ मास्क लागतो, तोही नाकावर घट्ट बसलेला.

सासरे बिडी ओढतात, तो विषय कसा काढावा, हे तुला सुचत नाही, मला माहीत आहे. तू सांगू नकोस. पुढच्या वेळी बाळाला दाखवायला नेताना त्यांनाच बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. नातवाच्या छातीला नळी लावून डॉक्टर जे सांगतात, ते सुनेनं शंभरदा सांगून पोचत नाही.

जवाई फोनवर हवेचा आकडा दाखवतात म्हणालीस. बघत जा, पण समजून बघ. आपल्याकडच्या निर्देशांकात ५० पर्यंत हवा चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, मग वाईट, अतिशय वाईट आणि ४०० च्या वर गंभीर. शंभराचा आकडा म्हणजे हवेच्या एका घनमीटरमध्ये बारीक कण ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची दिवसाची मर्यादा १५ आहे. म्हणजे 'समाधानकारक' लिहिलेलं असलं तरी हवा तिच्या चौपट असू शकते. आणि तो आकडा कुठल्या यंत्राचा, ते यंत्र तुझ्या गल्लीपासून किती दूर, हेही बघ; कित्येक ॲप नुसता अंदाज दाखवतात. केंद्राचा स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये आला, त्यात विदर्भातली नागपूर, चंद्रपूर, अमरावती, अकोला ही शहरं आली, आपलं नाही आलं. तेव्हा आकड्याची वाट बघू नकोस. बाळाच्या छातीकडे बघ.

बाळ झोपलेलं असताना घड्याळ लावून एक पूर्ण मिनिट श्वास मोज. वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या लेकराचे ४० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी दाखव. श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळे दिसत असतील, दूध ओढत नसेल, तर सकाळ होऊ देऊ नकोस, १०८ ला फोन कर. आणि पंप दिला तर घे. त्यात औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट जिथं हवं तिथं जातं. मी तो फळीवर ठेवला होता, तू ठेवू नकोस.

राहिलं मिलचं. ती चूल नाही, तू एकटीनं विझवायची नाही. तिथं तुझा दीर कामाला आहे, गल्लीतली दहा घरं तिच्यावर जेवतात. मिल बंद करा, असं कुणी म्हणत नाही. धुराड्याला बॅग फिल्टर असतो, धूळ खाली पाडणारं सायक्लोन यंत्र असतं, भुशाचा ढीग झाकता येतो, राख ओली करून उचलता येते. हे मागणं वावगं नाही. कचरा उघड्यावर जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंडाचा आदेश हरित लवादानं २०१६ मध्येच दिलाय. बचत गटाच्या बैठकीत विषय काढ, दहा-बारा जणींच्या सह्या घ्या, एक अर्ज नगर परिषदेला, एक प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

उद्या दुपारी बाळाला उन्हात बसव आणि पिकलेलं केळं कुस्करून चार. सासूबाई काही बोलल्या तर उलट उत्तर देऊ नकोस. त्यांना हाताला धरून गच्चीवर ने आणि दोरीवरच्या पांढऱ्या दुपट्यावरून त्यांचंच बोट फिरव. त्याही चुलीपुढंच म्हाताऱ्या झाल्यात गं. काल फोनवर बाळाच्या खोकल्यानंतर आणखी एक खोकला आला होता, कोरडा, लांबलेला. तो त्यांचा होता. त्यांनाही दवाखान्यात ने.