तुंबाडचा हस्तर व गरसेकरांचा मनुष्य

शास्त्रपाठ : लूक 8:26-39, मार्क 7:20-23.

दापोली तालुक्यातील मुरुडासारख्या किनाऱ्यावरील गावांत वाढलेल्या मुलांस अक्षरओळख होण्यापूर्वीच मुंजा, समंध, हडळ व गिऱ्हा यांची ओळख झालेली असते. म्हणून भुताखेतांचा चित्रपट आला म्हणजे आमच्या ख्रिस्ती घरांतील तरुणही तो आवडीने पाहतात. त्यांस केवळ दटावण्यापेक्षा त्यांनी पाहिले काय, हे विचारणे आम्हांस बरे वाटते.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट 2018 साली प्रसिद्ध झाला व 2024 साली पुन्हा चित्रगृहांत आला. तो प्रौढांकरिता आहे. मुलांस दाखवू नये. तुंबाड हा गाव आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात आहे. चित्रपटाने हे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतले, कथा मात्र तिची नव्हे. समृद्धीच्या देवीचा थोरला मुलगा हस्तर सोने व धान्य दोन्ही बळकावू पाहतो. सोने मिळते, धान्य मिळत नाही, म्हणून तो सदैव भुकेला. ज्या आजीस त्याचा स्पर्श झाला तिला मरण येत नाही. साखळीने बांधलेली ती भुकेने किंचाळत असते. घरातील विनायक मोठा झाल्यावर गुप्त वाटेने खाली उतरतो, कणकेची बाहुली टाकून हस्तरास गुंतवितो व त्याच्या कमरेच्या वस्त्रातील मोहरा ओरबाडून आणतो. पुढे हाच धंदा तो आपल्या कोवळ्या मुलास, पांडुरंगास, शिकवितो.

हस्तर कोणाच्या घरी चालून येत नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. विनायक दरवेळी आपल्याच पायांनी उतरतो. मनुष्याला जे भ्रष्ट करते ते त्याच्या आतूनच निघते, असे प्रभूने सांगितले व त्या यादीत लोभाचे नाव घातले. शेवटी बाप मरणोन्मुख होऊन हस्तराचे वस्त्र पुढे करतो, तेव्हा मुलगा ते घेत नाही. येथवर चित्रपट खरा आहे. परंतु नाकारल्यानंतर त्या मुलाच्या मनात काय वस्तीस आले, हे तो सांगत नाही. झाडून लोटून रिकाम्या ठेवलेल्या घराचा दाखला (लूक 11:24-26) येथे अवश्य वाचावा.

आता एक इशारा. लोभ हा मनुष्य स्वतः पोसतो; पण म्हणून प्रत्येक पीडिताचे दुःख त्याच्या पापाचे फळ, असे म्हणणे क्रूरपणाचे आहे. थडग्यांत राहणाऱ्या त्या मनुष्यास प्रभूने एका शब्दानेही दोष दिला नाही. आमच्या वस्त्यांत एखाद्या सुनेस फेपरे आले, किंवा बाळंतपणानंतर तिचे चित्त ठिकाणावर नसले, की ‘बाहेरचे’ झाले असे म्हणून भगताकडे नेतात. मिरचीची धुरी देतात, केस धरून मारतात. प्रार्थनेच्या नावाखाली असे केले तरी ते तितकेच वाईट. भूत उतरविण्याच्या निमित्ताने बांधणे वा मारणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. फेपऱ्यास औषध आहे. मनाच्या रोगांकरिता रत्नागिरीस सरकारी मनोरुग्णालय आहे. प्रार्थना करणाऱ्याने रोग्याबरोबर गाडीतही बसावे.

सैन्याने पछाडलेला एकटा मनुष्यच होता काय? मार्क सांगतो की सुमारे दोन हजार डुकरे बुडाली. शुद्धीवर आलेला शेजारी वस्त्र नेसून बसलेला पाहूनही गावकऱ्यांनी प्रभूस निघून जाण्याची विनंती केली. भीती तर त्यांस वाटलीच. पण बुडालेल्या डुकरांचा हिशेबही त्यांच्या मनात असावा, असे आम्हांस वाटते. गावाचे गाव भयाने कसे धरले जाते, हे मुरुडास ठाऊक आहे. 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. त्यांत मारेकरी कोणी नव्हते. सारे देवभीरू गृहस्थ होते.

बरा झालेला मनुष्य नावेत येऊ इच्छीत होता. प्रभूने त्यास घरी, त्याच गावकऱ्यांत, परत पाठविले. आणि तो गेला.