सगळं आधीच पाहिलंय!

प्रश्न : माझा मुलगा अ‍ॅनिमेशन शिकतो. त्याच्या सरांनी ‘ब्लेड रनर’ बघायला सांगितला म्हणून आम्ही दोघांनी मिळून बघितला. अर्ध्या तासात त्याने मोबाइल काढला. म्हणाला, “यात नवीन काय? हे सगळं शंभरदा पाहिलंय.” खरं सांगायचं तर मलाही गोष्ट संथ वाटली. लागला तेव्हा हा चित्रपट पडला होता, असंही वाचलं. मग चाळीस वर्षांनंतरही त्याचा एवढा बोलबाला का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : चिरंजीवांचं म्हणणं अगदी खरं आहे. त्यांनी हे सगळं शंभरदा पाहिलेलंच आहे. फक्त नकला आधी पाहिल्या आणि अस्सल शेवटी हाती आलं. पावसाने निथळणारा काळोखा रस्ता, डबक्यांत उतरलेले निऑन पाट्यांचे रंग, इमारतीच्या अख्ख्या भिंतीवर हसणारी जाहिरातीतली बाई, वर उडत्या गाड्या आणि खाली टपरीवर नूडल्स खाणारा वैतागलेला नायक. आज कुठलाही गेम उघडा, हे तयारच असतं. २५ जून १९८२ रोजी ‘ब्लेड रनर’ अमेरिकेत लागला, तेव्हा पडद्यावरचं भविष्य बहुधा पांढरंशुभ्र आणि धुतल्यापुसल्यासारखं असे. अपवाद होते. याच चित्रपटाचा दिग्दर्शक रिडली स्कॉट याने तीन वर्षांपूर्वी ‘एलियन’मध्ये कळकट अंतराळयान दाखवलं होतं. पण अख्खं शहरच्या शहर जुनाट, गळकं आणि गर्दीने फुगलेलं, हे लोकांना नवं होतं.

आणि नको होतं. दोनच आठवडे आधी स्पीलबर्गचा ‘ई. टी.’ लागला होता आणि परग्रहावरच्या त्या गोड पाहुण्यासाठी अमेरिका रडत होती. हॅरिसन फोर्ड म्हणजे ‘स्टार वॉर्स’मधला हान सोलो, आदल्याच वर्षीचा इंडियाना जोन्स. इथे तो दारू पिणारा, पळणाऱ्या बाईच्या पाठीत गोळी घालणारा पोलीस निघाला. सुमारे तीन कोटी डॉलर खर्चून केलेल्या चित्रपटाने अमेरिकेत पहिल्या फेरीत तेवढेही परत आणले नाहीत. त्याच दिवशी लागलेला जॉन कार्पेंटरचा ‘द थिंग’सुद्धा असाच आपटला आणि पुढे असाच डोक्यावर घेतला गेला. ऑस्करमध्ये ‘ब्लेड रनर’ला कलादिग्दर्शनाचं नामांकन होतं. ते पारितोषिक ‘गांधी’ला गेलं. त्याच समारंभात आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्यांना ‘गांधी’च्याच वेशभूषेसाठी जॉन मोलोंबरोबर ऑस्कर मिळालं, त्यामुळे त्या रात्रीबद्दल आपण तक्रार करू नये. पण ‘ब्लेड रनर’चं कलादिग्दर्शन हीच त्याची खरी पुण्याई आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

आधी गोष्ट, तीही चार ओळींची. २०१९चं लॉस एंजेलिस. माणसासारखी हुबेहूब, पण कारखान्यात घडवलेली ‘रेप्लिकंट’ बंड करून पृथ्वीवर आली आहेत. त्यांचं आयुष्य चारच वर्षांचं. डेकार्ड नावाच्या पोलिसाने त्यांना शोधून मारायचं. मूळ कादंबरी फिलिप के. डिकची, १९६८ सालची. डिक बिचारा २ मार्च १९८२ला गेला. काही दृश्यं त्याने पाहिली होती आणि तो हरखला होता, पण पूर्ण चित्रपट काही त्याच्या नशिबी आला नाही.

शहर उभं कसं राहिलं, हे बघण्यासारखं आहे. सिड मीड हा मोटारी रंगवणारा चित्रकार. फोर्ड आणि पोलाद कंपन्यांसाठी भविष्यातल्या गाड्यांची चित्रं काढणं हा त्याचा धंदा. त्याला बोलावलं होतं गाड्यांपुरतंच. पण नुसती गाडी काढून तो थांबेना. तिच्या मागचा रस्ता, रस्त्यावरचे खांब, दुकानं, दुकानांवर लोंबणाऱ्या नळ्या, सगळंच तो रंगवत गेला आणि स्कॉटला आपलं शहर त्या मागच्या भागात सापडलं. कल्पना अशी : भविष्यात कोणी जुन्या इमारती पाडत बसत नाही, त्यांच्यावरच नवी यंत्रं ठोकली जातात. गिरगावातल्या एखाद्या चाळीच्या पाठीमागे उभं राहून वर बघा. ओतीव लोखंडाच्या जुन्या पाइपाशेजारी प्लॅस्टिकचा पाइप, त्यावरून केबलच्या तारांची गुंतवळ, कठड्याबाहेर टांगलेली एसीची खोकी, मधूनच एक डिश. नेमकं तेच तत्त्व. म्हणून मला हा चित्रपट पाहताना भविष्य बघतोय असं कधी वाटलं नाही.

प्रत्यक्ष रस्ता होता वॉर्नर स्टुडिओच्या आवारातला ‘न्यूयॉर्क स्ट्रीट’, अनेक चित्रपटांत दिसून गेलेला कायमचा सेट. तो ओळखू येऊ नये म्हणून स्कॉटने सगळं रात्री चित्रित केलं, वरून पाऊस पाडला आणि धूर सोडला. आज पाऊस, धूर आणि निऑन म्हणजे सायबरपंकचं तत्त्वज्ञान असल्यासारखं मांडलं जातं. निम्मं कारण सेटची उणीव झाकणं हे होतं! सुरुवातीचा आगी ओकणारा कारखान्यांचा विस्तार डग्लस ट्रंबुलच्या कार्यशाळेत लहान प्रतिकृतींनी केला. मागे जाईल तसतशा प्रतिकृती लहान आणि चपट्या, आत बारीक दिवे, आणि सगळं धुरात बुडवून त्याच फिल्मवर पुन्हा पुन्हा चित्रीकरण. संगणकी चित्रं नाहीत. इमारती कमी पडल्या तेव्हा एका कारागिराने ‘स्टार वॉर्स’मधल्या मिलेनियम फाल्कन यानाची प्रतिकृती उभी करून गर्दीत खपवून दिली. सापडते का बघा.

मग पडलेला चित्रपट उठला कसा? माझ्या मते श्रेय व्हिडिओ कॅसेटचं. चित्रपटगृहात ही दृश्यं डोळ्यांवरून निघून जात. घरी ती थांबवता येऊ लागली. पार्किंग मीटरवर छेडछाड कराल तर जिवावर बेतेल अशी सूचना लिहिलेली आहे, पेपरच्या गाळ्यावर भविष्यातली मासिकं खोट्या मुखपृष्ठांसह टांगलेली आहेत, हे तेव्हा दिसलं. चित्रपटातच एक दृश्य आहे : डेकार्ड घरी बसून एक छायाचित्र यंत्रात घालतो आणि आत आत शिरत, आरशातलं प्रतिबिंब मोठं करत बघत राहतो. चाहत्यांनी कॅसेट लावून वेगळं काय केलं?

या बघणाऱ्यांत हात चालवणारी माणसं होती. विल्यम गिब्सन तेव्हा ‘न्यूरोमॅन्सर’ लिहीत होता. थिएटरात गेला आणि अर्ध्यातून उठून बाहेर आला, कारण त्याच्या डोक्यातलं शहर पडद्यावर होतं आणि आता लोक आपल्याला चोर म्हणणार अशी धास्ती त्याने घेतली. (कादंबरी १९८४ला आली, कोणी चोर म्हटलं नाही.) पुढे तो स्कॉटला भेटला तेव्हा दोघांनीही कबूल केलं की मूळ शिदोरी मोबियससारख्या फ्रेंच चित्रकथाकारांची. जपानमध्ये तर पेवच फुटलं. ‘बबलगम क्रायसिस’ या १९८७च्या मालिकेत एका गायिकेचं नाव चित्रपटातल्या रेप्लिकंटसारखंच प्रिस आणि तिच्या बँडचं नाव ‘रेप्लिकंट्स’, म्हणजे लपवाछपवीसुद्धा नाही. हिदेओ कोजिमाचा १९८८चा ‘स्नॅचर’ गेम, ‘घोस्ट इन द शेल’ (१९९५), थेट ‘सायबरपंक २०७७’ गेमपर्यंत ही वंशावळ चालते. ख्रिस्तोफर नोलनने ‘बॅटमॅन बिगिन्स’च्या आधी आपल्या मंडळींना हाच चित्रपट दाखवला होता. रेप्लिकंटांच्या मॉडेलचं नाव नेक्सस-६. २०१०मध्ये गूगलने फोन काढला तो ‘नेक्सस वन’, आणि डिकच्या मुलीने त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. सप्टेंबर २०२०मध्ये वणव्यांच्या धुराने सॅन फ्रान्सिस्कोचं आकाश भरदिवसा नारिंगी झालं, तेव्हा त्या दृश्यांना लोकांनी २०१७च्या ‘ब्लेड रनर २०४९’चं संगीत लावून टाकलं.

भाकीत म्हणून विचाराल तर हा चित्रपट जेमतेम पास. उडत्या गाड्या आल्या नाहीत. डेकार्ड व्हिडिओ कॉल करतो, पण सार्वजनिक बूथमधून, सव्वा डॉलर मोजून. आकाशात जिची पाटी झळकते ती विमान कंपनी ‘पॅन अ‍ॅम’ १९९१लाच बंद पडली.

आता एक खुपणारी गोष्ट. या शहरात जपानी पाट्या, चिनी भाजीवाले, आशियाई गर्दी ठासून भरली आहे, पण बोलणारी, मरणारी, प्रेम करणारी माणसं जवळपास सगळी गोरी. ऐंशीच्या दशकात जपानी मोटारी आणि टीव्हींनी अमेरिकेला घाम फोडला होता. त्या धास्तीचं हे नेपथ्य आहे. नकलाकारांनी धास्ती सोडली आणि नेपथ्य उचललं. म्हणून आजही भविष्य बिघडलंय हे दाखवायचं तर आशियाई लिपीतली एक निऑन पाटी लावली की काम भागतं. डेकार्ड नायिकेला, रेचलला, दाराशी अडवतो तो प्रसंगही आज प्रेमप्रसंग म्हणून बघवत नाही.

नकलेत न उतरलेली एक गोष्ट मात्र आहे, आणि मुलाला दाखवाच. रॉय बॅटी हा रेप्लिकंटांचा म्होरक्या. डेकार्ड गच्चीच्या कडेवरून घसरून एका हाताने लोंबकळतोय. त्याला मारायला आलेला रॉय त्याचं मनगट धरून वर ओढून घेतो. मग समोर मांडी घालून बसतो, हातात कबुतर, अंगावरून पाऊस. त्याने जे पाहिलं ते त्याच्याबरोबरच संपणार, एवढंच तो सांगतो आणि मान टाकतो. पटकथेतलं भाषण लांबलचक होतं. रॉय झालेल्या रुटगर हाउअरने चित्रीकरणाआधी ते स्वतःच छाटलं आणि शेवटाकडचं एक वाक्य पदरचं घातलं. ज्याला यंत्र म्हणून मारायला निघालो तो आपल्यापेक्षा जास्त जगला, हे डेकार्डच्या चेहऱ्यावर दिसतं. हाउअर जुलै २०१९मध्ये गेला. चित्रपटातला रॉयही त्याच साली मरतो.

प्रश्न : या चित्रपटाच्या अनेक आवृत्त्या आहेत म्हणे. कुठली बघावी?
– एक वाचक, पणजी

उत्तर : २००७ची ‘फायनल कट’. डोळे मिटून.

१९८२च्या प्रतीत फोर्डचं रटाळ निवेदन आहे. चाचणी खेळांत प्रेक्षक गोंधळले म्हणून पैसेवाल्यांनी ते घालायला लावलं. शेवटी जोडपं हिरव्यागार डोंगरांतून मोटारीने जातं. ते डोंगर कुब्रिकच्या ‘द शायनिंग’साठी घेतलेल्या आणि न वापरलेल्या हवाई चित्रणातले आहेत. १९९०मध्ये लॉस एंजेलिसच्या एका थिएटरात चुकून कच्ची प्रत दाखवली गेली, लोकांनी उचलून धरली, आणि त्यातून १९९२ची ‘डिरेक्टर्स कट’ आली. तीत निवेदन गेलं, गोड शेवट गेला, आणि डेकार्डच्या स्वप्नात एकशिंगी घोडा आला. त्यावरून डेकार्ड स्वतःच रेप्लिकंट की काय, हा वाद पेटला. स्कॉट म्हणतो, हो. फोर्ड वर्षानुवर्षं म्हणत होता, नाही. मी फोर्डच्या बाजूने. दोघेही यंत्रं निघाले तर गच्चीवरच्या प्रसंगातली हवाच निघून जाते.

‘फायनल कट’मध्ये बारीक दुरुस्त्याही आहेत. रॉयच्या हातून सुटलेलं कबुतर भर पावसाच्या रात्री निळ्याशार आकाशात उडायचं, ते आकाश काळोखं केलं. काचा फोडत पळणाऱ्या झोरा या रेप्लिकंटच्या जागी विग घातलेली स्टंटबाई स्पष्ट ओळखू यायची. तिथे मूळ अभिनेत्री जोआना कॅसिडीला पंचवीस वर्षांनी पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभं करून तिचा चेहरा बसवला. जोड कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.