बाल्कनीतील बाग आणि पती-पत्नीची वाटणी

मयूर विहारमध्ये बहुतेकांच्या घराला अंगण नाही. सोसायटीतील सदनिकेची बाल्कनी हेच आपले अंगण. एक तुळस, एक मोगरा, कढीपत्ता, थंडीत मेथी-कोथिंबीर. एवढ्याशा बागेवरूनही घरात शब्दाला शब्द लागतो. असे का होते, याचा आज विचार करूया.

एक प्रसंग

समजा, मे महिना आहे. पारा ४० अंशांच्या वर, बाहेर लू वाहते आहे. पत्नी ४ दिवस माहेरी गेली. परत येऊन पाहते तो मोगरा वाळलेला. पती म्हणतात, “तू सांगितलं असतंस, तर घातलं असतं की पाणी!”

ते खरेच बोलत आहेत. सांगितले असते, तर त्यांनी पाणी घातले असते. पण आठवण ठेवण्याचे काम तिचेच, हे त्यांनी न बोलता गृहीत धरले होते. हात वाटले गेले, काळजी वाटली गेली नाही.

दुसरी बाजू

आता हेही पाहा. पती पाणी घालतात आणि पत्नी मागून येऊन म्हणते, “किती ओतलंत! राहू द्या, मीच करते.” दोनदा असे झाले की त्यांचा हात मागे येतो. ‘माझ्याशिवाय नीट होत नाही’ हा कर्तेपणाच आहे. काम सोपवले, तर चूक होण्याची मोकळीकही द्यायला हवी.

संतांचे उदाहरण

सोलापूर जिल्ह्यातील अरणचे संत सावता माळी मळ्यातच विठ्ठल पाहत. त्यांच्या दृष्टीने खुरपणे, पाणी देणे हीच पूजा होती. पूजेत ‘मी जास्त केले, तू कमी’ असा हिशेब नसतो. मात्र हिशेब नको, याचा अर्थ सगळा भार एकानेच वाहावा असा नव्हे.

आचरणात कसे आणावे?

१. कामाऐवजी झाड वाटून घ्या. मोगरा एकाचा, तर त्याचे पाणी, खत, छाटणी आणि आठवणही त्याचीच.

२. ऋतू बदलला की वाटणी पुन्हा बोलून ठरवा. उन्हाळ्यात कुंड्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी लागते. थंडीत माती चाचपून, कोरडी वाटली तरच द्यावे. तुळशीला कडाक्याची थंडी सोसत नाही, तिला रात्री आडोशाला घ्या.

३. पावसाळ्यात कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. यासाठी एक वार आणि एक व्यक्ती ठरवा.

४. जड कुंडी दोघांनी मिळून उचला.

या आठवड्याचा अभ्यास

आज संध्याकाळी दोघे बाल्कनीत १० मिनिटे बसा. प्रत्येक कुंडीकडे पाहून एकमेकांना विचारा, “हिची आठवण कोण ठेवतं?” सगळी उत्तरे एकाच नावाची आली, तर त्यातली एक कुंडी आजच आपल्याकडे घ्या. ती सुकू लागली, तर लगेच मदतीला कोणी धावू नये. आपले आपल्याला लक्षात येऊ द्या. तीच साधना.