साबण कोठे जातो ?

गेल्या जून महिन्यात पाऊस लांबला, तेव्हा कारेलीबागेत राहणाऱ्या आमच्या एका वर्गबंधूच्या घरी थोडी कुरबुर झाली. धुणे धुणाऱ्या बेन पंधरा दिवस पुरणारी साबणाची वडी पाच दिवसांतच संपवू लागल्या, आणि कपडे तर पूर्वीसारखे पांढरे निघेनात. 'साबण जातो तरी कोठे ?' असे घरच्या वडील मंडळींनी दोनदा विचारले. तिसऱ्या वेळी बेननी उत्तरच दिले नाही. त्या प्रश्नात संशय होता, हे आम्हां मुलांसही कळत होते. मित्राने ही हकिगत वर्गात सांगितली, त्या वेळी शास्त्राच्या सरांनी एवढेच विचारले, "घरचे पाणी बदलले आहे काय ?"

पाणी बदलले होते. नळाचे पाणी कमी पडू लागल्यामुळे सोसायटीच्या टाकीत कूपनलिकेचे पाणी सोडण्यात येत होते.

साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगाने होणारा क्षार. तेलातील स्निग्धाम्ले सोडियमशी जोडली जातात व ग्लिसरीन सुटे होते. तेलाची ही घडण शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उलगडून दाखविली. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्यात रमते. दुसरे लांब शेपूट पाण्यास टाळते व तेलकट मळात शिरते. अशी असंख्य शेपटे मळाच्या कणात रुतली की तो कण कापडापासून सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. शिवाय साबणाने पाण्याचा पृष्ठताण निम्म्याहून खाली येतो, म्हणून पाणी धाग्याधाग्यांत शिरते. ताटलीतील पाण्यावर मिऱ्याची पूड भुरभुरून मध्यभागी साबणाचे बोट टेकवावे. पूड क्षणात कडेला पळते. ही गंमत कोणासही घरी करून पाहता येईल.

मग बिघडते कोठे ? जमिनीत मुरलेले पाणी खडकांतून व मातीतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळवून घेते. अशा पाण्यास दुष्फेन पाणी म्हणतात. त्यात साबण घातला की कॅल्शियम सोडियमची जागा पटकावतो. हा नवा साबण पाण्यात विरघळत नाही. त्याचा पांढुरका साका होऊन तो बादलीच्या कडेस आणि कपड्यांच्या धाग्यांत बसतो. सारा कॅल्शियम असा खर्ची पडल्यावाचून फेसही नाही आणि धुणेही नाही.

पहिला पाऊस पडताच आम्ही प्रयोग केला. सारख्या आकाराच्या तीन बाटल्यांत सारखेच पाणी घेतले : एकीत पागोळीचे, दुसरीत नळाचे, तिसरीत कूपनलिकेचे. साबणाचे द्रावण थेंबाथेंबाने घालून प्रत्येक वेळी बाटली हलविली. मिनिटभर टिकणारा फेस येण्यास पावसाच्या पाण्यास तीन थेंब लागले, नळाच्या पाण्यास नऊ आणि कूपनलिकेच्या पाण्यास एकतीस. मोजणाऱ्याचा हात दुखू लागला, तरी तिसरी बाटली दुधासारखी गढूळच ! नळाचे पाणी बरे ठरले, याचे नवल नाही. बडोद्यास 1892 पासून पाणी पुरविणारे आजव्याचे सयाजी सरोवर मुख्यतः पावसाच्या पाण्यानेच भरते.

यापुढचे गणित आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटले. पिण्याच्या पाण्यात दुष्फेनता लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी, आणि दुसरी सोय नसल्यास 600 पर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते. कॅल्शियमचा एक अणू साबणाचे दोन रेणू गिळतो. या हिशेबाने 200 मिलिग्रॅमच्या पाण्याच्या वीस लिटरच्या बादलीत सुमारे 24 ग्रॅम साबण नुसता साका होण्यातच जातो. 600 च्या पाण्यात सुमारे 73 ग्रॅम. म्हणजे बेननी कापडास हात लावण्यापूर्वीच वडीचा मोठा तुकडा नाहीसा होत होता.

पाणी उकळून पाहिले. काही थेंब वाचले, पण थोडेच. धुण्याचा सोडा आधी विरघळवून ठेवल्यावर मात्र चुना तळाशी बसला आणि वरचे पाणी थोड्या साबणातही फेसाळले. बाजारातील अपमार्जक पुडीस या क्षारांचा त्रास बराच कमी होतो, कारण तिचा कॅल्शियमशी असा साका होत नाही.

तिन्ही बाटल्या घेऊन आम्ही मित्राच्या घरी गेलो. आजोबांनी त्या उजेडात धरून पाहिल्या आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. बेन मात्र हसल्या. नळाच्या पाण्यात साबणाने हात बुळबुळीत होतो, बोअरच्या पाण्यात खरखरीतच राहतो, हे आपण पहिल्याच दिवशी सांगितले होते, असे त्या म्हणाल्या. सांगितले होते खरे. ऐकले कोणीच नव्हते. दुसऱ्या दिवसापासून सकाळी नळ येताच धुण्यासाठी दोन बादल्या वेगळ्या भरून ठेवण्याचे काम आजोबांनी स्वतःकडे घेतले.