गाळातून उगवलेली बेटे

बेट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. पण समुद्रापासून सव्वाशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या निफाड तालुक्यातही बेटे आहेत! नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम होतो. तेथील विस्तीर्ण जलाशयात ही बेटे पाहायला मिळतात. त्यांच्या आसपास मासे पकडले जातात आणि हिवाळ्यात दूरदेशीचे हजारो पक्षी तेथे उतरतात. विशेष म्हणजे आपल्या खापरपणजोबांनी ही बेटे पाहिली नसतील, कारण त्यांचे वय फार तर शंभर-सव्वाशे वर्षे आहे. ही बेटे आली कोठून? आणि ती राहू द्यावीत की काढून टाकावीत? या दोन प्रश्नांचा आज आपण विचार करू.

नदी ओझे कसे वाहते?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नांदूर मध्यमेश्वर येथे दगडी बंधारा बांधण्यात आला. त्यामागे अडलेले पाणी डाव्या व उजव्या कालव्यांतून कोपरगाव, राहाता या भागांकडे जाऊ लागले. पण नदीबरोबर नुसते पाणीच येत नाही. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली माती पावसाळ्यात ओढ्या-नाल्यांतून गोदावरीत, दारणेत आणि कादवेत उतरते. पावसाळ्यात नदीचे पाणी चहासारखे दिसते ते या मातीमुळेच.

वाहते पाणी दगड-माती पुढे ढकलते. त्याचा वेग दुप्पट झाला तर ते किती वजनाचा दगड हलवू शकेल? दुप्पट वजनाचा, असे तुम्ही म्हणाल; पण खरे उत्तर आहे सुमारे ६४ पट! म्हणजे वेगाचा सहावा घात: २×२×२×२×२×२ = ६४. महापुरात मोठमोठे धोंडे गडगडत जातात त्याचे कारण हेच. आता हा नियम उलटा वाचा. वेग निम्मा झाला की नदीची ही शक्ती ६४ पटींनी घटते. बंधाऱ्यामागे पाणी पसरते, संथ होते आणि नदी आपले ओझे तेथेच खाली ठेवते.

सगळे ओझे एकदम खाली बसत नाही. स्थिर पाण्यात कण किती वेगाने खाली जातो हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. हा नियम बारीक कणांना लागू पडतो आणि तो स्टोक्स या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. ०.१ मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण १ मीटर खोल जाण्यास सुमारे २ मिनिटे घेतो. ०.०२ मिलिमीटरच्या गाळाच्या कणाला पाऊण तास लागतो. ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला मात्र तीन दिवसांहून अधिक वेळ लागतो! म्हणून जाड वाळू जलाशयाच्या तोंडाशीच पडते आणि बारीक गाळ आतपर्यंत पसरतो.

उंचवट्याचे बेट होते

तळाशी एखादा लहानसा उंचवटा झाला की तेथे पाणी उथळ होते आणि आणखी गाळ पडतो. पाण्याची पातळी उतरली की उंचवटा उघडा पडतो. त्यावर पाणकणीस, गवत अशा वनस्पती रुजतात. त्यांची मुळे माती धरून ठेवतात. पुढच्या पुरात देठांमध्ये पाण्याचा वेग आणखी मंदावतो आणि नवा थर बसतो. अशा रीतीने पाणी, माती आणि वनस्पती या तिघांनी मिळून बेट घडते.

बेटांच्या भोवती कोठे वीतभर, कोठे पुरुषभर पाणी असते. या निरनिराळ्या खोलीतच या जागेचे रहस्य आहे. लांब पायांचा शेकाट्या उथळ पाण्यात चालत किडे वेचतो. चमच्यासारख्या चोचीचा पक्षी चिखलपाणी ढवळतो. थापट्या बदक पाण्याच्या पृष्ठभागावरचे अन्न गाळून घेते, तर पाणकावळा खोल बुडी मारून मासा पकडतो. एकाच जलाशयात प्रत्येकाचे ताट वेगळे! सारख्या खोलीच्या स्वच्छ हौदात एवढ्या प्रकारचे पक्षी कधीच राहिले नसते.

१९८६ साली हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२० च्या जानेवारीत त्याचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर स्थळांच्या, यादीत समावेश झाल्याचे जाहीर झाले. हा मान मिळवणारे हे महाराष्ट्रातील पहिले ठिकाण होय. येथे २६५ जातींचे पक्षी आणि २४ जातींचे मासे नोंदले गेले आहेत. देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा एक छोटा, अतिशय दुर्मीळ मासाही त्यांत आहे.

मग अडचण कोठे आहे?

जेवढी जागा गाळाने व्यापली तेवढे पाणी कमी मावते. कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्याला ही गोष्ट उन्हाळ्यात जाणवते. पात्र उथळ झाले की तेवढेच पाणी वाहून नेताना पुराची पातळी वर चढते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गोदाकाठच्या चांदोरी आणि सायखेडा या गावांत पाणी शिरले होते. तो पूर मुख्यतः अतिवृष्टीचा होता, हे खरे. पण अशा वेळी गाळाने भरलेले पात्र संकट वाढवते, कमी करत नाही. मच्छीमाराची अडचण आणखी वेगळी. जलपर्णीने पाणी झाकले की जाळे टाकायला मोकळी जागा उरत नाही. शिवाय अभयारण्यात कायद्याची बंधने असतात. म्हणजे जो गाळ पक्ष्यांना घर देतो, तोच माणसाचे पाणी घेतो.

किओज्जाचा धडा

हा प्रश्न जगात पूर्वीही आला आहे. इटलीच्या ईशान्य किनाऱ्यावर व्हेनिसचे खाजण आहे. त्याच्या दक्षिण टोकाला किओज्जा नावाचे गजबजलेले मासेमारी बंदर आहे. तेथे घरांपर्यंत कालवे येतात, धक्क्याला होड्या लागतात आणि मासळीबाजार भरतो. जवळच पेलेस्त्रिना हे चिंचोळे बेट खाजणाला समुद्रापासून वेगळे करते. पूर्वी ब्रेंता, सिले, पिआवे या नद्यांच्या गाळाने हे खाजण भरत चालले होते. ते भरले असते तर बंदरे गेली असती, मासेमारी गेली असती. म्हणून व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी शतकानुशतके खपून नद्यांची तोंडे खाजणाबाहेर वळवली. १६०० ते १६०४ या काळात पो नदीलाही नवा मार्ग खोदून दिला.

खाजण वाचले. पण आज तेथे उलटा प्रश्न उभा आहे! नद्यांचा गाळ येईनासा झाला आणि जहाजांसाठी खोल मार्ग खोदल्यामुळे भरती-ओहोटीबरोबर आतली माती बाहेर जाऊ लागली. गवताळ बेटे आणि उथळ चिखलपट्टे झिजत आहेत. माशांची पिल्ले वाढतात ती अशाच उथळ जागांत. गाळ फार झाला तरी संकट आणि अजिबात नसला तरी संकट, हा किओज्जाचा धडा आहे.

विचारपूर्वक उपाय

तेव्हा 'सगळा गाळ काढा' किंवा 'काहीच काढू नका' ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पुराचे पाणी जाण्याचा मुख्य प्रवाह मोकळा करावा आणि बेटे व उथळ काठ राखावेत, असा मधला मार्ग विचारात घेता येतो. पक्ष्यांचा मुक्काम आणि विणीचा काळ त्यासाठी टाळावा लागेल. महाराष्ट्रात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आहे. तलावातला गाळ शेतात टाकला की हलक्या जमिनीचा कस वाढतो. परंतु काढलेला गाळ पुन्हा येणारच. खरा उपाय वर, डोंगरउतारावर आहे: बांधबंदिस्ती, गवत आणि झाडे. शेतातली माती शेतातच राहिली तर शेतकऱ्याचेही भले आणि नदीचेही.

करून पाहा

एका उंच काचेच्या बरणीत मूठभर वाळू, शेतातली माती आणि पाणी घालून झाकण लावा. जोराने हलवून बरणी स्थिर ठेवा. २ मिनिटांनी, १ तासाने आणि ३ दिवसांनी चित्र काढा. कोणता थर सर्वांत खाली आहे? पाणी शेवटपर्यंत कशामुळे गढूळ राहते?

विचार करा

१. पाण्याचा वेग तिप्पट झाला तर किती पट वजनाचा दगड हलू शकेल?
२. ०.०१ मिलिमीटरच्या कणाला १ मीटर खाली जाण्यास किती वेळ लागेल? (वर ०.०२ मिलिमीटरच्या कणाचा वेळ दिला आहे.)
३. शेतकरी, मच्छीमार, पूरग्रस्त गावकरी आणि पक्षिनिरीक्षक अशा चार बाजू वर्गात वाटून घ्या. नकाशावर कोठला गाळ काढावा आणि कोठला ठेवावा, हे ठरवा. प्रत्येकाने आपले कारण सांगितले पाहिजे.