परसबागेत ताजं शेण टाकावं का?

प्रश्न : दारव्हा तालुक्यात आमच्या दोन गाई आहेत. रोजचं शेण मी गोठ्यामागच्या परसबागेत टाकते. सांभार ठीक येतो, पण वांग्याची रोपं सुकतात. उपटली की मुळाशी पांढऱ्या अळ्या. सासूबाई म्हणतात, शेणानं कधी नुकसान होतं का?

उत्तर : सासूबाईंचं म्हणणं खरं आहे, पण कुजलेल्या शेणापुरतं. ताजं शेण कुजताना तापतं आणि कोवळी मुळं करपतात. शिवाय हुमणीचे भुंगेरे अशा जागी अंडी घालतात. मात्र शेणातली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. एक अळी फरशीवर ठेवून पाहा. उताणी होऊन पाठीवर सरकू लागली, तर ती कुजकं खाणारी, निरुपद्रवी. चंद्रकोरीसारखी वळून कुशीवर पडून राहिली, तर हुमणी समजा. वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

शेण सावलीतल्या खड्ड्यात साठवा, ओल टिकवा. काळं, भुसभुशीत, बिनवासाचं व्हायला तीन-चार महिने लागतात. घाई नको.

आणि पऱ्हाटीवरचं उरलेलं औषध वांग्यावर मारायचा मोह होतोच. 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यात माणसं दगावली. ते औषध घरच्या भाजीला अजिबात लावू नका.